दलित ख्रिस्ती : दोन दारांबाहेर

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध दलितांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. धर्मांतराने जात सुटते, असा यामागचा तर्क. तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. मरणानेही न सुटणारी जात बाप्तिस्म्याने कशी सुटावी? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची केलेली शिफारस शासनाने अमलात आणली नाही. चर्च या मागणीसाठी झगडते, हे उचितच. परंतु आपल्यातील जातिभेद बिशप परिषदेने २०१६ च्या धोरणपत्रात स्वतःच मान्य केला आहे, आणि पहिला दलित कार्डिनल होण्यास २०२२ साल उजाडावे लागले! शासनाकडे समता मागणाऱ्या धर्मपीठाने आपल्या शाळा-महाविद्यालयांत दलितांना किती जागा दिल्या, हेही जाहीर करावे.