शिक्षेला शहराचा हातभार

 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 1860 ची दंड संहिता मागे पडली. नव्या संहितेच्या चौथ्या कलमात फाशी, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती आणि दंड यांच्या पाठोपाठ सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच आली. 1978 च्या एका विधेयकात तिची तरतूद होती, पण लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक बारगळले. चार दशकांहून अधिक काळ रखडलेली ही सुधारणा आहे. तिचे स्वागत मनापासून केले पाहिजे.

ही शिक्षा सहाच गुन्ह्यांना लागू आहे. त्यातला आपल्या रोजच्या ओळखीचा गुन्हा म्हणजे पाच हजारांच्या आतली चोरी. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला असावा आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केलेली असावी. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणे आणि अब्रुनुकसानी हेही त्या सहांत येतात. न्यायालय काम नेमून देते, दोषी ते करतो, मोबदला मिळत नाही. एखाद्या पोराने कुणाचा मोबाइल उचलला आणि तो आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या हर्सूलच्या कारागृहात गेला, तर तिथली संगत त्याला काय शिकवील, हे सांगायला नको. त्याऐवजी तो शहराच्या उपयोगी पडला, तर त्याचेही भले आणि शहराचेही.

मात्र काम कोणते, किती तासांचे, देखरेख कोणाची, हे संहितेत लिहिलेले नाही. इंग्लंडमध्ये 1972 च्या कायद्याने ही शिक्षा आली. आज तिथे 40 ते 300 तासांचे काम दिले जाते आणि ते कुठे व्हावे, हे साधा नागरिकही सुचवू शकतो. आपल्याकडे असे का होऊ नये?

घाटी रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. खेड्यातून आलेल्या म्हातारीला केसपेपर काढून द्यायला, एक्स-रेची खोली दाखवायला, स्ट्रेचर ढकलायला माणसे कधीच पुरत नाहीत. खाम नदीच्या काठी नागरिक, महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्था काही वर्षांपासून राबत आहेत. तिथल्या झाडांना उन्हाळ्यात पाणी घालणारे हात हवेत. दोषी माणूस सुतार किंवा गवंडी असेल, तर महापालिकेच्या शाळेतले मोडके बाक आणि पडक्या भिंती त्याची वाटच पाहत आहेत.

झाडू मात्र सरसकट हाती देऊ नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. 2018 च्या कचराकोंडीत नारेगावच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, गल्लोगल्ली ढीग साचले आणि सफाई कामगार काय करतो, हे या शहराने नाकाला रुमाल लावून अनुभवले. जे काम हजारो कुटुंबे इमानाने करून पोट भरतात आणि जातीमुळे ज्यांना त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले, तेच काम आपण शिक्षा म्हणून वाटू लागलो, तर तो त्या कुटुंबांचा अपमान ठरेल. गटारात कुणालाही उतरवण्याचा तर प्रश्नच येत नाही.

दुसरी काळजी मोबाइलच्या कॅमेऱ्याची. शिक्षा भोगणाऱ्याचे चित्रीकरण करून ते गल्लीच्या ग्रुपवर फिरवले, तर सुधारू पाहणारा माणूस कायमचा डागाळेल. काम करताना त्याला पाणी विचारणे, चूक झाली तर समजावणे आणि वेळ भरली की खरेपणाने नोंद करणे, एवढेच शेजाऱ्यांचे काम.

2024 च्या मे महिन्यात पुण्यातल्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो रास्त होता, कारण दोन जीव गेले होते. पण ती बाल न्याय मंडळाने घातलेली जामिनाची अट होती. सामुदायिक सेवा ही दोष सिद्ध झाल्यानंतरची, सौम्य गुन्ह्यांसाठीची शिक्षा आहे. त्या संतापात हिला ओढू नये. माणसावर विश्वास टाकण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे: औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली आणि आपल्या पैठणलाही खुले कारागृह आहे.

म्हणून वॉर्डांतील नागरिक समित्या, गणेश मंडळे, मशिदींचे विश्वस्त, बुद्धविहारांच्या समित्या, ज्येष्ठ नागरिक संघ आणि रुग्णालयातील समाजसेवा विभाग यांना आमचे आवाहन आहे. आपल्या भागातल्या कामांची यादी करा. जागा, कामाचे तास आणि देखरेख करून सही करणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव तीत लिहा आणि ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे व महापालिकेकडे याच महिन्यात पोहोचवा.