अर्जंट रिक्वायरमेंट

तारापूर एमआयडीसीत माणसं हवी असली की कॉन्ट्रॅक्टरचा माणूस किंवा कन्सल्टन्सीतल्या मॅडम रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतात. ‘अर्जंट रिक्वायरमेंट. केमिकल प्लांट. हेल्पर, आयटीआय फिटर, बीएस्सी केमिस्ट्री. फ्रेशर चालेल. उद्या सकाळी दहाला या.’ खाली मोबाईल नंबर. कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही, तारीखही नाही. त्यामुळे ‘उद्या’ म्हणजे नक्की कुठला दिवस, हे ग्रुपाग्रुपांतून फिरत आलेल्या त्या मेसेजवरून ओळखता येत नाही.

दातिवऱ्यात त्या ‘उद्या’ची किंमत मोजावी लागते. आमचं गाव वैतरणेच्या मुखाशी, समोर अर्नाळा. बोईसर गाठायचं तर आधी सफाळ्यापर्यंत एसटी, मग केळवे रोड, पालघर, उमरोळी करत गाडी, पुढे एमआयडीसीपर्यंत शेअर रिक्षा. एसटी चुकली की गाडी चुकते आणि आमच्या मार्गावर पुढची गाडी लगेच मिळत नाही. आळीतली पोरं त्या दिवसाचा रोज बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून जातात. गेटवर सिक्युरिटीवाला सांगतो, ‘ती जागा परवाच भरली.’ मेसेज टाकणाऱ्याला फोन लावावा तर तो उचलत नाही.

गंमत म्हणजे लिंक्डइनवर हीच मंडळी फार गोड असतात. तिथे ‘डिअर’ असतं, आभार असतात, उमेदवाराशी कसं वागावं यावर लांबलचक उपदेशही असतो. तिथली खोड वेगळी. ‘इंटरेस्टेड असाल तर कमेंट करा.’ शेकडो पोरं कमेंट करतात, पोस्ट लांबवर पोचते, रिक्रूटरचे फॉलोअर वाढतात. नोकरी कुणाला लागली, ते कधी कळत नाही. आधीच नोकरीत असलेल्याची पंचाईत आणखी मोठी, कारण ती कमेंट त्याचा साहेबही वाचतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते कागदपत्रांचं. ‘आधार, पॅन, पासबुकचा फोटो ग्रुपवर टाका’, असं सर्रास सांगतात आणि पोरं टाकतात. मुलाखतीआधी पासबुक कशाला लागतं? ओळख पटवायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्येच केला, पण अनोळखी माणसाचं आधार चारशे जणांच्या ग्रुपवर मागू नये हे कळायला कायदा कशाला हवा? मुलींकडे तर फोटोही मागतात, पॅकिंगच्या कामासाठी!

आणि कोण नको, हेही काही जण लिहून टाकतात. मे २०२४ मध्ये गिरगावातल्या एका ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी लिंक्डइनवर जाहिरात आली होती. मराठी माणसांचं इथे स्वागत नाही, अशा अर्थाची ओळ तिच्यात होती. निवडणुकीचे दिवस, गदारोळ झाला, पोस्ट काढली गेली, माफी मागितली गेली. मग जुलैत अंधेरीच्या मरोळमधल्या एका जाहिरातीत ‘नॉन महाराष्ट्रीयन’ हवा असं लिहिलेलं होतं, तेव्हाही तेच झालं. दोन्ही वेळा संताप रास्तच होता. पण ‘लोकल नको, सुट्ट्या फार घेतात’ हे फोनवर ऐकल्याचं आमच्याकडची पोरं सांगतात, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. लिहिलेली ओळ निदान सापडते तरी.

नुसती ओळ पुसून काय होतं, ते तमिळनाडूत दिसलं. चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना भरतीत डावलतात, अशी बातमी रॉयटर्सने २०२४ मध्ये दिली. पुढे त्याच वर्षी, वय, लिंग, लग्न यांच्या अटी जाहिरातीत लिहू नका असं कंपनीने एजन्सींना बजावल्याची बातमी आली. आमचं नावही लिहू नका, असंही सांगितलं होतं म्हणे. याला मी शिष्टाचार म्हणणार नाही. ही झाकाझाक झाली.

कंपनीचं नाव लिहिण्याचा आग्रह मी धरतो, त्याला आणखी एक कारण आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला आमच्याच जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि तेव्हापासून लाखो नोकऱ्यांचे आकडे भाषणांतून ऐकू येताहेत. मच्छीमारांचा विरोध हा वेगळा आणि मोठा विषय, तो इथे नको. पण बंदराच्या नावाने भरतीचे मेसेज फिरायला लागले, तर खरा कुठला आणि ‘रजिस्ट्रेशनचे दोन हजार गुगल पे करा’वाला कुठला, हे पोरांनी कसं ओळखायचं? खरा रिक्रूटरही नाव, पगार, पत्ता लिहीत नसेल तर दोघांचे मेसेज सारखेच दिसणार. भामट्यांचं काम आपणच सोपं करून ठेवलं आहे.

रिक्रूटरची बाजू मला माहीत आहे. एका जागेला ढीगभर सीव्ही येतात, वरून साहेबाचा तगादा असतो, कंपनी ऐनवेळी जागाच रद्द करते. प्रत्येकाला उत्तर देणं जमत नाही, मान्य. मग एवढं तरी करा. मेसेजवर तारीख आणि कंपनीचं नाव टाका. कंपनी रोल की कॉन्ट्रॅक्ट, हातात किती पडणार, पीएफ आहे का, रात्रपाळी आहे का, ते लिहा. आणि जागा भरली की ज्या ज्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, तिथे ‘भरली’ एवढा एक शब्द टाका, तोही सफाळ्याची पहिली एसटी सुटायच्या आत.