व्हिसा कॅन्सल होतो, हक्क कॅन्सल होत नाहीत

गेल्या महिन्यात पडेगावातल्या आमच्या वस्तीतल्या एक मावशी रात्री साडेनऊला घरी आल्या. त्यांचा मुलगा चार वर्षांपासून दुबईत साफसफाईच्या कामावर आहे. मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "ताई, त्याचा व्हिसा कॅन्सल करायलेत म्हणे. आता पोराला जेलात टाकतील का?" मुलाचा मेसेज दोन ओळींचा होता. कंपनी म्हणते कागदावर सही कर, परवाचं तिकीट काढलंय.

मी मुलाला फोन लावला आणि कागदाचा फोटो मागवला. त्यात लिहिलं होतं, की माझी सर्व देणी मला मिळाली आहेत. प्रत्यक्षात एक दिरहमही मिळाला नव्हता. सुदैवाने त्याने अजून सही केली नव्हती.

हा अनुभव एकट्या मावशींचा नाही. आपल्या वस्त्यांमधून आखातात जाणारी मुलं बहुतेक घरातली पहिलीच असतात. तिथला कायदा सांगणारा काका-मामा त्यांच्यामागे नसतो, त्यांना माहीत असतो तो फक्त एजंट. आणि जाताना गोड बोलणारा एजंट परतताना फोन उचलत नाही. केरळने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी सरकारचा स्वतंत्र विभाग काढला. तिथल्या मजुराच्या मागे सरकार आणि आधी गेलेल्यांची साखळी, दोन्ही असतात. आपल्या मुलांकडे यातलं काहीच नाही, म्हणून माहिती तरी वेळेत पोचली पाहिजे.

सही करण्याआधी

संयुक्त अरब अमिरातीत कंपनीच्या व्हिसावर असलेला कामगार स्वतःचा व्हिसा स्वतः रद्द करू शकत नाही. ते काम कंपनीचं, खर्चही कंपनीचा. आधी मनुष्यबळ मंत्रालयाकडचं वर्क परमिट रद्द होतं, मग निवासी व्हिसा. परमिट रद्द करताना कामगाराची सही घेतात आणि सगळी गडबड तिथेच होते. देणी मिळाल्याच्या कबुलीवर सही झाली, की नंतर भांडणं अवघड जातं. पैसे खात्यात आल्याशिवाय सही करायची नाही, हा पहिला नियम.

किती पैसे मिळायला हवेत? २ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नवा कामगार कायदा लागू आहे. एक वर्षाहून जास्त नोकरी झाली असेल, तर पहिल्या ५ वर्षांपर्यंत दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढच्या दर वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. मावशींच्या मुलाचा मूळ पगार १,२०० दिरहम, म्हणजे दिवसाचे ४०. एका वर्षाचे ८४०, चार वर्षांचे ३,३६० दिरहम. शिवाय थकलेला पगार आणि न घेतलेल्या रजेचे पैसे वेगळे. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत ही सगळी देणी चुकती करणं कंपनीवर बंधनकारक आहे. लक्षात ठेवा, हिशोब शेवटच्या मूळ पगारावर होतो. करारात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील, तर तोटा तिथेच झालेला असतो. म्हणून जातानाच करार नीट वाचायचा आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जायची.

पैसे मिळत नसतील, तर मंत्रालयाच्या ८००८४ या क्रमांकावर किंवा त्यांच्या ॲपवर तक्रार करता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. प्रकरण कोर्टात गेलंच, तर १ लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. घरकामगारांसाठी कायदा वेगळा आहे, त्यामुळे घरात काम करणाऱ्या बहिणींनी हेच आकडे आपल्याला लागू आहेत असं धरू नये.

रद्द झाल्यानंतरचे दिवस

व्हिसा रद्द झाला म्हणजे लगेच अटक होत नाही. देश सोडायला किंवा दुसरी नोकरी मिळवून नवा व्हिसा घ्यायला मुदत मिळते. पूर्वी ती साधारण ३० दिवस होती. २०२२ च्या बदलांनंतर व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे ती ३० ते १८० दिवस आहे. मित्राला ६० मिळाले म्हणून आपल्यालाही ६०, असं होत नाही. आपली शेवटची तारीख रद्द केल्याच्या कागदावरून आणि इमिग्रेशनच्या वेबसाइटवरून खात्री करून घ्यायची. त्यानंतर राहिलात तर दिवसाला ५० दिरहम दंड. बायकामुलं तुमच्या व्हिसावर असतील, तर त्यांच्या व्हिसाचं आधी पाहावं लागतं. बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवून निघू नका, विमानतळावर प्रवासबंदी समोर येऊ शकते.

नोकरी गेल्यावरचा विमाही बरेच जण विसरतात. २०२३ पासून तो सक्तीचा आहे आणि १६,००० दिरहमपर्यंत मूळ पगार असणाऱ्याला महिन्याला ५ दिरहम भरावे लागतात. सलग १२ महिने हप्ते भरले असतील आणि नोकरी शिस्तभंगामुळे गेली नसेल किंवा स्वतः सोडली नसेल, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त ३ महिने मिळते. दावा ३० दिवसांच्या आत करायचा असतो आणि तुम्ही त्या देशात कायदेशीरपणे हजर असावं लागतं. घाईने विमानात बसवलेला माणूस हा हक्क गमावून बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भांडण झालं म्हणून कामावर न जाता मित्राच्या खोलीवर लपणं. सलग ७ दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात, तर कंपनी काम सोडून पळाल्याची नोंद करू शकते. मग वर्षभर नवं वर्क परमिट मिळत नाही. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने मुदत उलटून राहिलेल्यांना दंड माफ करून बाहेर पडायची किंवा कागद नीट करायची संधी दिली होती. अशी माफी वारंवार येत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

आपल्या सरकारची मदतही मागायला शिका. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा ८०० ४६३४२ हा क्रमांक तिथून फुकट आणि चोवीस तास चालतो. गावाकडच्या घरच्यांना 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. अगदीच हलाखीत अडकलेल्यांच्या तिकिटासाठी आणि कायदेशीर मदतीसाठी दूतावासांकडे २००९ पासून कल्याण निधी आहे.

विद्यार्थ्यांनीही ऐकावं

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी आपल्या समाजाची मुलं परदेशी विद्यापीठांत जातात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक रद्द झाल्या. अनेक जण कोर्टात गेले आणि महिना संपायच्या आत सरकारला नोंदी परत सुरू कराव्या लागल्या. जे घाबरून लगेच निघून आले, त्यांचा मार्ग जास्त अवघड झाला. तिथे पासपोर्टवरचा व्हिसा वेगळा आणि देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा वेगळा. व्हिसा रद्द झाला तरी दर्जा शाबूत असू शकतो. असा ईमेल आला, तर पहिला फोन विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि दुसरा वकिलाला.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. पण निघण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. त्याच परवानगीच्या बळावर ते १९२० मध्ये परत गेले. परतावं लागणं त्यांच्या हातात नव्हतं, पण परवानगी घेऊन निघणं होतं आणि ते त्यांनी केलं.

कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा. वस्तीतलं कोण कोणत्या देशात आहे याची वही करा. प्रत्येकाच्या घरी करार, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत आहे का ते विचारा. वरचे क्रमांक फलकावर लिहा. याला ना निधी लागतो, ना संघटनेचा ठराव.

मावशींच्या मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार केली. परवाचं तिकीट पुढे ढकललं गेलं. अकराव्या दिवशी ग्रॅच्युइटी आणि थकलेला पगार खात्यात आला, मग त्याने सही केली. आता तो घरी आहे. येत्या रविवारी विहारात पहिला तोच बोलणार आहे.