पाण्यावरून चालणारे शहर

केरळच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या कार्यक्रमपत्रिकेत कोचीच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. एर्नाकुलमच्या स्थानकावरून वातानुकूलित गाडी घेतली जाते, फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळ्यांसमोर छायाचित्रे होतात, सेंट फ्रान्सिस चर्च आणि मट्टनचेरीचा राजवाडा धावत्या पावलांनी पाहून होतो, वेलदोडे-मिऱ्यांची खरेदी उरकते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी मुन्नारच्या घाटाला लागते. या अर्ध्या दिवसातला बराच वेळ गाडी वाहनांच्या रांगेत उभी असते, हे मात्र परतल्यावरच्या गप्पांत सहसा येत नाही. कोची पाहिले असे मानणाऱ्यांनी वस्तुतः कोचीचे काठ पाहिलेले असतात. ज्या पाण्याभोवती हे शहर वसले आणि ज्याच्यावरून ते रोज ये-जा करते, ते पाणी पाहायचे राहूनच जाते.

कोची हे एकसंध शहर नाही. पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलम, पश्चिमेला समुद्राच्या मुखाशी फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, उत्तरेला वैपीनची लांबट पट्टी आणि या साऱ्यांच्या मध्ये वेंबनाड सरोवराच्या पाण्यात विखुरलेली बोलगाट्टी, वल्लारपाडम, विलिंग्डन अशी बेटे, असा हा पसारा आहे. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने प्राचीन मुझिरिस बंदराची वाट बुजली आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे परंपरा सांगते. पुढे १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने मुखाशी आडवा पडलेला वाळूचा बांध फोडून मोठ्या जहाजांना वाट करून दिली आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभे केले. सारांश, या शहराची जमीनही पाण्याने दिलेली आहे.

आता नकाशावर एर्नाकुलमचा उच्च न्यायालयाजवळचा धक्का आणि फोर्ट कोची यांच्यामध्ये रेघ ओढावी. ती सरळ पाण्यातून जाते. गाडीरस्ता मात्र दक्षिणेकडे उतरतो, पूल ओलांडतो, विलिंग्डन बेटाला स्पर्श करून तोप्पुंपडीला येतो आणि मग पुन्हा उत्तरेकडे वळतो. गर्दीच्या वेळी याला तासभर सहज लागतो. बोटीला वीस मिनिटांच्या आसपास पुरतात. त्या वीस मिनिटांत एका हाताला वल्लारपाडमच्या कंटेनर धक्क्यावरच्या अवाढव्य याऱ्या दिसतात, दुसऱ्या हाताला बंदरात नांगरलेली जहाजे, आणि नशीब असेल तर मधूनच पाठ दाखवून जाणारा एखादा डॉल्फिन. भाड्याच्या मोटारीच्या काचेतून यातले काहीही दिसत नाही, आणि भाडे तर कितीतरी पट पडते!

२५ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कोचीच्या जलमेट्रोचे उद्घाटन झाले. नाव आधुनिक, पण कल्पना साधी आहे: आगगाडीप्रमाणे वेळापत्रक पाळणारी, तिकिटासाठी मेट्रोचेच कार्ड चालणारी, विजेवर धावणारी बोट. सुमारे ११३७ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला जर्मनीच्या विकास बँकेचे कर्ज आहे, परंतु बोटी बांधल्या त्या कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्याने. शंभर माणसांची बोट, धक्क्याला लागलेली असताना दहा-पंधरा मिनिटांत भरून निघणारी विद्युत्घटमाला आणि प्रारंभी २० ते ४० रुपये भाडे. यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र जाहिरातींत फारशी दिसत नाही. ती म्हणजे तरंगता धक्का. भरती-ओहोटीबरोबर तो बोटीच्याच पातळीवर वर-खाली होतो. त्यामुळे चाकाच्या खुर्चीतला माणूस, कडेवर मूल घेतलेली स्त्री किंवा गुडघे दुखणाऱ्या आजी हेलकावणाऱ्या बोटीतून ओल्या पायऱ्यांवर उडी मारण्याच्या दिव्यातून सुटतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी धक्क्यावर खलाशाच्या हाताला लोंबकळत पाऊल टाकले आहे, त्याला या सुविधेची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

हे सारे कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वैपीनसारख्या बेटांच्या इतिहासात दडलेले आहे. शहर डोळ्यांसमोर दिसत असूनही वैपीनच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या नावेची वाट पाहावी लागली. शाळा, इस्पितळ, न्यायालय, नोकरी, सगळे पलीकडच्या काठावर. दीर्घ आंदोलनानंतर २००४ मध्ये गोश्री पूल झाले. तरीही बेटावरच्या खाजगी बसगाड्या थेट शहरात शिरू द्याव्यात, या मागणीसाठी रहिवाशांना पुढेही वर्षानुवर्षे झगडावे लागले. पूल आला म्हणून प्रवास सुटला असे होत नाही, हे नगररचनाकारांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. २६ ऑगस्ट २०१५ रोजी, ओणमच्या तोंडावर, वैपीनहून फोर्ट कोचीला जाणारी प्रवासी बोट मच्छीमार नौकेच्या धडकेने बुडाली आणि ११ जणांचा बळी गेला. तोवर या छोट्याशा ओलांडणीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. वाहने आणि माणसे एकत्र नेणाऱ्या रो-रो बोटी तेथे सुरू झाल्या त्या २०१८ मध्ये.

म्हणून जलमेट्रोचे मूल्यमापन पर्यटकांच्या छायाचित्रांवरून करणे चुकीचे ठरेल. ७८ बोटी, ३८ धक्के आणि दहा बेटे, असा मूळ आराखडा होता. २०२५ सालापर्यंत ताफ्यात जेमतेम वीस बोटी आल्या. सुट्टीच्या दिवशी उच्च न्यायालयाच्या धक्क्यावर सहलकरूंची रांग लागते आणि कामावरून परतणारा बेटवासी त्याच रांगेच्या शेवटी उभा राहतो. ही रचना बदलायला हवी. नित्य प्रवाशाला वेगळी रांग आणि अग्रक्रम देण्यात पर्यटकाचा अपमान नाही. त्याला पुढच्या बोटीपर्यंत थांबता येते, रात्रपाळीला निघालेल्या परिचारिकेला येत नाही. तसेच राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या जुन्या, साध्या बोटी अजून काही रुपयांत माणसे पोहोचवतात. नव्याच्या कौतुकात त्या हळूहळू कमी करण्याचा मोह शासनाला होईल. तो शासनाने आवरला पाहिजे. गरिबाला काचेच्या तावदानांचे आणि गारव्याचे वावडे नसते, पण दिवसातून दोन वेळा मोजाव्या लागणाऱ्या रुपयांचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो.

परक्या प्रवाशाला या व्यवस्थेतून अनायासे लाभ होतो. जून २०१७ मध्ये सुरू झालेली मेट्रो आता अलुवापासून त्रिप्पुनितुरापर्यंत धावते. वैट्टिला येथे बस, मेट्रो आणि बोट एका आवारात मिळतात. तेथून काक्कनाडची बोट धरली तर माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांकडे जाणारी तरुण मंडळी सोबतीला असतात आणि दोन्ही काठांवर नारळीची रांग. रिक्षांचा अनुभव तेवढा सुखाचा नाही. मीटर बसवलेले असते, पडत मात्र क्वचितच. भाडे आधी ठरवावे हे उत्तम.

फोर्ट कोचीला उतरल्यावर मात्र कोणतेच वाहन करू नये. तेथून मट्टनचेरीपर्यंत पायी जावे. बाजाररस्त्यावरच्या जुन्या वखारींतून सुंठ, मिरी आणि लवंगेचा वास अजून येतो. गुजराती, कच्छी, तमीळ, तेलुगू, मल्याळी अशी निरनिराळ्या बोलींची माणसे एकमेकांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १५६८ मधले ज्यू प्रार्थनास्थळ आणि राजवाड्याच्या भिंतींवरची रामायणाची चित्रे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. चेरलाई भागात, तिरुमला देवस्वम मंदिराच्या आसपास, मराठी माणसाचे पाऊल थबकते ते कानावर पडणाऱ्या कोकणीमुळे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोवा सोडलेल्या गौड सारस्वतांना कोचीच्या राजांनी आश्रय दिला. त्यांचे वंशज भाषा, देव आणि सणवार सांभाळून आजही तेथे नांदत आहेत.

याच कोचीत डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. १६७५ मध्ये त्यांनी दिलेले कोकणी भाषेतले, देवनागरी लिपीतले प्रमाणपत्र १६७८ साली ॲम्स्टरडॅममध्ये छापले गेले. अर्ध्या दिवसाच्या सहलीत या वस्तीला जागा नसते, कारण तेथे छायाचित्र काढण्यासारखे फारसे काही नाही.

कोचीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मुंबईकराला आपले शहर आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईही बेटांचीच. कोकणच्या माणसाने भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने ये-जा केली, १७ जुलै १९४७ रोजी बुडालेल्या 'रामदास'चे दुःख पचवले आणि तरीही पाण्याची वाट सोडली नाही. ती सोडली ती नियोजनकर्त्यांनी. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने अभियांत्रिकीचा मानदंड उभा केला, यात शंका नाही. पण सुमारे बावीस किलोमीटरच्या त्या सागरी वाटेवर दुचाकीला बंदी आहे. सागरी किनारा मार्गही दुचाकीस्वाराला बंदच. फेब्रुवारी २०२२ मध्ये वाजतगाजत आलेल्या जलटॅक्सीचे भाडे नित्याच्या प्रवाशाला झेपणारे नव्हते आणि प्रतिसादही तसाच मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर नौदलाची वेगवान नौका प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा जीवरक्षक जाकिटांची चर्चा काही दिवस झाली.

२०२५ मध्ये मुंबईच्या जलमेट्रोचा आराखडा करण्याचे काम कोचीच्या मेट्रो कंपनीकडेच सोपवण्यात आले, हे योग्यच झाले. परंतु कोचीची नक्कल येथे चालणार नाही. कोचीचे पाणी बहुतांशी बेटांच्या आडोशाला शांत असते. मुंबईचे बंदर खुल्या समुद्राकडे तोंड करून आहे आणि पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी बंद ठेवाव्या लागतात. वर्षातले तीन महिने थांबणाऱ्या बोटीच्या भरवशावर कोणी नोकरी धरत नाही. तेव्हा आरंभ खाड्यांतून व्हावा. ठाणे, वसई, मनोरी येथे पाणी आहे, काठावर वस्ती आहे आणि रस्ते तुंबलेले आहेत. वर्सोव्याहून मढला जाणारी तर आजही माणसे आणि दुचाक्या घेऊन काही मिनिटांत पलीकडे पोहोचते. मालाडवरून रस्त्याने जायचे तर त्याच मढला पोहोचायला तास जातो. त्या तरीवरचे कोळी आणि नोकरदार यांना विचारल्याशिवाय आराखड्याची पहिली रेघ ओढली जाऊ नये.