रोमकरांस पत्र, अध्याय तिसरा

"तुमचं बरं आहे बाबा, पाप तुम्ही करायचं आणि भरायचं दुसऱ्यानं!" मीरा रोडला सकाळच्या लोकलमध्ये चढल्यावर वसईहून येणाऱ्या एका ख्रिस्ती मित्राला मी हे ऐकवले. आजूबाजूचे हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने घरातले मराठी बायबल पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवले. "रोमकरांस पत्र, तिसरा अध्याय. वाच, मग बोल."

वाचायला बसलो तर आधी शब्दांनीच अडवले. 'तारण' म्हटले की आम्हा मीरा रोडकरांना बँकेत ठेवलेले फ्लॅटचे कागद आठवतात, आणि 'खंडणी' म्हटले की पोलीस ठाणे. बायबलच्या मराठीत तारण म्हणजे नजात, आणि खंडणी म्हणजे बंदिवानाला सोडवण्यासाठी दिलेला मोबदला, आपल्याकडचा फिदिया. 'नीतिमत्त्व' हाही नुसता चांगल्या वागणुकीचा शब्द नाही. त्यासाठी हिब्रूत 'त्सदाका' असा शब्द आहे आणि अरबीतला 'सदका' त्याचाच भाऊबंद. न्याय आणि देणे एकाच मुळाशी, हे मला त्या दिवशी नव्याने कळले.

अध्याय लिहिणारा पौल स्वतः यहुदी. तो आधी आपल्याच लोकांना धरतो. शास्त्र तुमच्याकडे आले म्हणून तुम्ही सुटलात असे नाही. यहुदी असो वा ग्रीक, सगळेच पापाखाली आहेत. नियमशास्त्र पाप दाखवते, धुऊन काढत नाही. म्हणून एकविसाव्या वचनापासून तो म्हणतो की देवाचे नीतिमत्त्व आता विश्वासाने आणि फुकट, कृपेने मिळते. मग खरा अवघड प्रश्न येतो: अपराध्याला सोडणारा न्यायाधीश न्यायी कसा? पौलाचे उत्तर आहे, क्रूस.

आणि आठव्या वचनापाशी मी ओशाळलो. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करा, असे आम्ही शिकवतो हा आमच्यावरचा खोटा आरोप आहे, असे पौल तिथे लिहितो. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो हाच प्रश्न पुन्हा काढून ठाम नकार देतो. लोकलमधला माझा टोमणा जवळजवळ दोन हजार वर्षे जुना निघाला, उत्तरासकट!

आता मतभेद, कारण तो लपवणे म्हणजे मित्राचा अपमान. कुरआन वारंवार सांगते की कुणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही. सूरह बकरात हजरत आदम यांची तौबा थेट कबूल होते, मधे खंडणी नाही. माफ करण्यासाठी अल्लाहला कुणाचे रक्त लागत नाही, हा माझा ईमान आहे आणि तो अध्याय वाचूनही तसाच आहे.

पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. कुणाचेही अमल त्याला जन्नतमध्ये नेणार नाहीत, असे प्रेषित (स.) म्हणाले. सहाबांनी विचारले, आपलेही नाहीत? उत्तर आले, माझेही नाहीत, अल्लाहच्या रहमतीने झाकून घेतल्याशिवाय. अमुक वजीफ्याला अमुक इतका सवाब, असे हिशेब मांडणाऱ्या आपल्या मौलवीसाहेबांनी ही हदीस जरा जास्त वेळा सांगावी. पौल चौथ्या अध्यायात दाखला देतो तोही हजरत इब्राहीम यांचाच, नियमशास्त्र येण्याआधीच्या विश्वासाचा. आणि तौरात व इंजील इब्राहीमनंतर उतरले, याची आठवण सूरह आले-इमरानही करून देते.

या विषयावर ख्रिस्ती मंडळींचेही आपसात शतकानुशतके भांडण होते. ल्यूथरच्या काळापासूनचा हा वाद. कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने त्यावरचे संयुक्त निवेदन 31 ऑक्टोबर 1999 रोजी केले. त्यांना जे सोडवायला इतका काळ लागला, ते आपण मुनाजऱ्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून निकालात काढतो. कुणाशी वैर असले तरी न्याय सोडू नका, हा सूरह माइदाचा हुकूम आपण सरकार आणि पोलिसांना ऐकवतो, तो बरोबरच आहे. दुसऱ्याच्या ग्रंथाबद्दल बोलताना तो आपल्यालाही लागू होतो, हे आपल्या मजलिशीत मी फार कमी ऐकले आहे.

बायबल परत देताना मित्राला म्हणालो, खंडणी मला पटली नाही, पण तुझ्या धर्माबद्दल मी खोटे बोललो होतो. हे त्याच गाडीत, त्याच मंडळींसमोर म्हणालो, टोमणा तिथेच मारला होता म्हणून. तो म्हणाला, "ती हदीस मला लिहून दे."