ओटीवरून : मालविलेला दिवा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एका दिव्यावरून दोन दिवस अबोला होता. हा दिवा देवघरांतला नव्हे. मोटार चालविणाराच्या पुढें जी काचेची पाटी असते, तींत लागणारा एक लहानसा पिंवळा दिवा. आमच्या एकत्र कुटुंबांत माणसें तेरा आणि मोटार एक. ती सात वर्षांची झाली आहे. चालवितो आमचा पुतण्या. आणि देखरेखीचा मान सर्वांचा असल्यामुळें खरी देखरेख कोणाचीच नाहीं.

डोंबिवलीस आमच्या भाच्याच्या मुलाची मुंज ठरली होती. २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या आमच्या नगराहून कल्याणच्या वाटेनें निघालें म्हणजे टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर असें करीत मोटार माळशेज घाटास लागते व तेथून खालीं उतरते. बरोबर वृद्ध वहिनी व दोन लहान मुलें जावयाचीं होतीं. निघण्यास नऊ दिवस उरले असतां तो दिवा लागला.

"काका, ब्रेकचे पॅड थोडे घासले आहेत, इतकेंच. मुंज आटोपली म्हणजे पाहूं," असें पुतण्या म्हणाला. तिसऱ्या दिवशीं दिवा लागेनासा झाला. घरांत दिवा 'विझला' म्हणूं नये, 'निमाला' म्हणावें, अशी आपली रीत. तेव्हां दिवा निमाला म्हणून सर्वांस आनंद झाला. आम्हांस मात्र झाला नाहीं. पस्तीस वर्षें वर्गांत काढलेल्या माणसास ठाऊक असतें कीं, मागच्या बाकावरील गलबला एकाएकीं थांबला म्हणजे कांहींतरी लपविलें गेलें आहे. खोदून विचारतां कळलें कीं, एका कामगारानें चाकाजवळच्या तारेचीं दोन टोकें पिळून एकमेकांस जोडून दिलीं होतीं.

ह्यांत काय झालें तें वाचकांनीं समजून घेण्यासारखें आहे. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते; तिला 'डिस्क' म्हणतात. ब्रेकचें पेडल दाबलें म्हणजे तेलाच्या दाबानें दोन पॅड तिला दोहों बाजूंनीं चिमटींत धरतात. घर्षणानें वेग कमी होतो आणि पॅडही झिजतात. नवा पॅड साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरपर्यंत आला म्हणजे बदलावा, असें बहुतेक जाणते सांगतात. हें झिजणें बाहेरून दिसत नाहीं, म्हणून त्याची वर्दी देण्याची योजना केलेली असते. कांहीं मोटारींत पोलादाची एक पातळ पट्टी असते. पॅड झिजला कीं ती डिस्कला लागून किंकाळी फोडते. कांहींत पॅडच्या खांचेंत एक सेन्सर बसविलेला असतो. त्याच्या टोकांत तारेचा फेर असतो. पॅड झिजला कीं डिस्क त्या टोकासही घासते, फेर तुटतो आणि दिवा लागतो. आमच्या मोटारीची योजना ह्या दुसऱ्या प्रकारची. तारेचीं टोकें जोडलीं म्हणजे मोटारीस वाटतें, फेर अखंड आहे, सर्व कुशल आहे. पॅड झिजतच राहतो. बंद होतें तें केवळ सांगणाराचें तोंड. विदुराचें बोलणें कटु वाटलें म्हणून कौरवांचें संकट टळलें नव्हतें.

पॅडवर अस्तर असावें ही कल्पना एका गृहिणीची, हें आमच्या भगिनींस ऐकून संतोष होईल. १८८८ च्या ऑगस्टांत जर्मनींतील बर्था बेंझ ह्या बाई दोन मुलांस घेऊन, पतीनें बनविलेल्या मोटारींतून मानहाइमहून फोर्झहाइम येथें माहेरीं निघाल्या. वाटेंत उतारांवर लांकडी ब्रेक झिजूं लागले, तेव्हां त्यांनीं एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकवून घेतलें. मुलें गाडींत असतां "पोंचल्यावर पाहूं" असें त्या म्हणाल्या नाहींत. आमच्या गांवाजवळ संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे. तीस सारें नगर व्ही. आर. डी. ई. ह्या आद्याक्षरांनीं ओळखतें. तेथें वाहनांच्या कसून परीक्षा होतात. पण दारांत सात वर्षें वापरलेल्या मोटारीची परीक्षा तेथील विद्वान् येऊन घेणार नाहींत. ती घरच्यांनींच घ्यावयाची.

शेवटीं रविवारीं सकाळीं अंगणांत काम काढलें. हात पुतण्याचे, मोटारीचें पुस्तक घेऊन पायरी पायरीनें वाचून दाखविण्याचें काम आमचें. वाचकांपैकीं कोणास हें करावयाचें असल्यास क्रम असा ठेवावा. जमीन सपाट असावी. न उचललेल्या चाकांस पुढून मागून दगड लावावेत. चाकाचे नट मोटार जमिनीवर असतांनाच सैल करावेत. उचलल्यावर केवळ जॅकवर विश्वासून हात आंत घालूं नये; खालीं भक्कम स्टँड द्यावा. चाक निघाल्यावर काळी धूळ तोंडानें फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. ती छातींत जाणें बरें नव्हे. जुन्या तारेचा जोड सोडवून ती कोणत्या क्लिपांतून गेली आहे तें पाहून ठेवावें व नवी नेमकी त्याच वाटेनें न्यावी. नाहीं तर वळणांत ती चाकास घासून तुटेल. पॅड बदलण्याकरितां कॅलिपर सोडवावा लागतो. तो रबरी नळीवर लोंबत ठेवूं नये, दोरीनें वर बांधावा. त्यांतील दट्ट्या हळूहळू मागें दाबावा, कारण तेल टांकींत वर चढतें. सेन्सर एकदां तुटला म्हणजे तो पुन्हां कामाचा नाहीं. पॅड नवे, तर तोही नवा. नट समोरासमोरचे आळीपाळीनें आंवळावेत. आणि सर्वांत महत्त्वाचें : मोटार हलविण्यापूर्वीं पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हां पुन्हां दाबावें, हें विसरल्यास पहिल्या खेपेस ब्रेक लागतच नाहीं. ज्यांच्या मोटारींत मागचा हातब्रेक विजेचा आहे, त्यांनीं मागच्या चाकांस जाणकारावांचून हात लावूं नये.

डावें चाक काढलें तेव्हां पॅड जवळजवळ २ मिलिमीटर उरला होता. पुतण्या म्हणाला, "पाहा काका, इतकें कांहीं वाईट नव्हतें." आम्ही गप्प राहिलों. मग उजवें चाक काढलें. आमच्या मोटारींत पुढच्या दोन चाकांपैकीं सेन्सर डाव्यासच आहे. उजव्याची साक्ष देणारें कोणीच नाहीं. तेथें कॅलिपर ज्या खिळीवर सरकावयाचा ती गंजून अडकली होती. आंतला पॅड एका कडेस लोखंडापर्यंत गेला होता, आणि डिस्कवर नखास लागेल अशी चरी पडली होती. पुतण्यानें बोट फिरवून पाहिलें व तो उंबऱ्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानें म्हणाला, "काका, वहिनींस सांगूं नका." त्याच्या पुढच्या बाकावर त्याचींच दोन मुलें बसणार होतीं. खिळी व डिस्क हें आमच्या हातचें काम नव्हे. त्यासाठीं एका अनुभवी कारागिरास घरीं बोलावलें. वहिनींस आम्हीं सांगितलें नाहीं. त्यानें स्वतःच सायंकाळीं सांगितलें, आणि अबोला सुटला.

परंतु त्या रात्रीं जेवतांना तो आम्हांस म्हणाला, "काका, एक विचारूं? वैद्यबुवांनीं दिलेलें रक्तदाब मोजण्याचें यंत्र तुम्हीं माघापासून कपाटांत कां ठेवलें आहे?" पंक्तींत कोणी हसलें नाहीं. आंकडा वाढलेला दिसे, मन अस्वस्थ होई, म्हणून आम्हीं मोजणेंच सोडलें होतें. म्हणजे आम्हींही तारेचीं टोकें जोडलींच होतीं, आणि ती चूक कोणा कामगाराच्या माथीं मारण्याची सोयही आम्हांस नव्हती.

दुसऱ्या दिवशीं यंत्र काढलें. आंकडा बरा नव्हता. औषधाचें प्रमाण वाढलें. माळशेज घाट मोटारीनें खालच्या गिअरांत, सावकाश उतरला व मुंज यथासांग पार पडली. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या चारी चाकांतून बॅटरीच्या उजेडांत पॅड पाहतो, कारण दिवा एकाच चाकाची बातमी देतो हें तो विसरलेला नाहीं. आम्ही त्याच दिवशीं त्याच्यासमोर बसून दंडास पट्टा बांधतों, आणि दोघांचेही आंकडे एकाच वहींत लिहिले जातात.