मोठी टाकी की दोन खड्डे?

ग्रामीण भागात घरोघर संडास बांधण्याचे काम गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या वेगाने झाले, तसे पूर्वी कधीही झाले नव्हते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली, पात्र कुटुंबांना १२,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान मिळू लागले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी देशाचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. हे काम मोठे आहे यात शंका नाही. तथापि संडास बांधून झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. भिंती, दार, भांडे ही डोळ्यांना दिसतात. जमिनीखाली काय बांधले आहे ते दिसत नाही, आणि सारे यशापयश त्या न दिसणाऱ्या भागावरच अवलंबून असते.

संडास बांधावयाचे ठरले की बहुतेक घरी पहिला प्रश्न निघतो तो असा : खड्डा भरला म्हणजे काय करावयाचे? गवंडी लगेच उपाय सांगतो, की मोठी टाकी बांधा, म्हणजे वीस वर्षे पाहावयास नको. मग दहा-बारा फूट खोल टाकी खणली जाते, अनुदानाच्या रकमेत घरचे पैसे घातले जातात, प्रसंगी कर्जही काढले जाते. एवढे करूनही मनातील धास्ती जात नाही. टाकी लवकर भरू नये म्हणून घरातील पुरुषमंडळी डबा घेऊन पूर्वीप्रमाणेच शेताच्या बांधावर जातात, आणि संडास स्त्रिया, म्हातारीकोतारी व पाहुणे यांच्यासाठी राखून ठेवला जातो. ज्या बांधावर ते बसतात त्याच बांधालगत उद्या बायका अनवाणी खुरपणीस बसणार असतात, आणि अंकुशकृमीचा प्रवेश शरीरात होतो तो नेमका उघड्या पायांच्या कातडीतूनच, याचा विचार कोणी करीत नाही.

ही धास्ती निराधार आहे. ती हिशेबाने दूर होण्यासारखी असल्यामुळे तो हिशेब येथे मांडणे उचित होईल. ज्या खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर आहे व ज्याच्या भिंती जाळीदार विटकामाच्या आहेत, अशा खड्ड्यातील पाणी व वायू माती शोषून घेते. मागे उरणारा गाळ माणशी दरसाल सुमारे ४० ते ४५ लिटर एवढाच असतो. पाच माणसांच्या कुटुंबाचा वर्षाचा गाळ झाला २०० ते २२५ लिटर. एक मीटर व्यासाच्या व नळीच्या खाली एक मीटर खोल अशा खड्ड्यात सुमारे ७८५ लिटर मावतात. म्हणजे एवढासा खड्डा भरावयास तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. असे दोन खड्डे असले आणि एका वेळी एकच वापरला, तर पहिला भरल्यावर दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील मैल्यास कुजून माती होण्यास भरपूर अवधी मिळतो. मग पहिला रिकामा करून पुन्हा वापरात घ्यावा. ही पाळी पिढ्यान्पिढ्या चालू शकते, आणि वीस वर्षांच्या टाकीची गरजच उरत नाही.

टाकीविषयी आणखी एक गैरसमज आहे. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ झालेले असते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या पाण्यात रोगजंतू कायम असतात व ते शोषखड्ड्यातच जिरवावे लागते. परंतु गावात फिरून पाहिल्यास पुष्कळ टाक्यांची नळी सरळ उघड्या गटारात सोडलेली आढळते. याचा अर्थ एवढाच, की पूर्वी गावाबाहेर पडणारी घाण आता घरासमोरून वाहते. शिवाय टाकीस वायुनळी लागते, ठरावीक मुदतीने गाळ उपसावा लागतो, आणि उपसण्यासाठी तालुक्याच्या गावाहून यंत्राचा टँकर बोलवावा लागतो. अरुंद बोळात तो शिरत नाही. शिरलाच, तर उपसलेला मैला गावाबाहेर कोठे ओतला जातो, हे कोणी विचारीत नाही.

येथेच या प्रश्नाचे सर्वांत गंभीर अंग येते. टँकर मिळाला नाही की कोणा गरीब माणसास चार पैसे देऊन टाकीत उतरविले जाते. त्या माणसाची जात कोणती असते, हे गावातील प्रत्येकास ठाऊक आहे. टाकीत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूस थोड्या प्रमाणात असताना कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. प्रमाण वाढले म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि उतरलेल्या माणसास धोका कळण्यापूर्वीच तो कोसळतो. त्याला काढावयास उतरलेला दुसराही त्याच मार्गाने जातो. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून अशी धोकादायक सफाई करवून घेणे हा गुन्हा ठरविला आहे. कायदा नसता तरी गोष्ट वेगळी ठरली नसती. जी वस्तू बांधल्यावर पुढे कधीतरी दुसऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालावा लागेल, ती वस्तू शेतकऱ्याने आपल्या परसात बांधू नये.

दोन खड्ड्यांच्या संडासात हा प्रसंग येत नाही, कारण उपसावयाचा असतो तो मैला नसून माती असते. दोन वर्षे बंद राहिलेल्या कोरड्या खड्ड्यातील पदार्थ काळसर, भुसभुशीत व वासरहित असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यातील गंगादेवीपल्ली या गावी केंद्र शासनाचे तत्कालीन पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः खड्ड्यात उतरून असे खत बाहेर काढले होते. त्याच्याही पुष्कळ आधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे व्रत घेतले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणांस मिळावे म्हणून त्यांनी आग्रह धरला, व त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या सोप्या संडासाचा पुरस्कार केला. आपल्या भाषेने या खतास सोनखत असे नाव दिले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शेण हाताने कालविणाऱ्या, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती उकिरड्यात भरणाऱ्या शेतकऱ्याने दोन वर्षे कुजलेल्या मातीची किळस धरावी, यास सवयीपलीकडे दुसरे कारण दिसत नाही.

मात्र या खताविषयी अवास्तव आशा दाखविणेही बरे नव्हे. मैल्याबरोबरच्या मूत्रातील नत्राचा मोठा भाग पाण्यासोबत जमिनीत जिरून जातो; म्हणून सोनखत हे युरियाची जागा घेणारे खत नव्हे. त्यातील सेंद्रिय द्रव्य व स्फुरद यांचा उपयोग होतो. एका कुटुंबाचे खत एकरभर पिकास पुरणार नाही. आंबा, चिकू, लिंबू, नारळ यांच्या आळ्यांत घालून मातीने झाकावे, हे उत्तम. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस ते घालू नये, कारण जंताची अंडी चिवट असतात.

खड्ड्यांची जागा ठरविताना जमिनीचा प्रकार पाहावा लागतो, आणि हे काम गवंड्यापेक्षा शेतकऱ्यासच अधिक चांगले समजते. मुरमाड व गाळाच्या जमिनीत पाणी सहज जिरते. वऱ्हाड-मराठवाड्यातील भारी काळी जमीन मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते व पाणी लवकर सोडीत नाही. तेथे खड्डा मोठा खणून विटकामाच्या बाहेरून चोहीकडे एक फूट जाडीचा वाळू, खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर भरावा. हा थर न भरल्यामुळे काळ्या जमिनीतील खड्डे तुंबतात, आणि दोष मात्र पद्धतीस दिला जातो. कोकणात पावसाळ्यात भूजल वर येते, तेथे खड्डे जमिनीच्या पातळीवर उचलून बांधावेत व भोवती मातीची भर घालावी. भेगाळ कातळाच्या जागी विशेष जपावे, कारण भेगांतून घाण दूरवर जाऊन विहिरीस मिळू शकते. विहीर किंवा विंधनविहीर खड्ड्यापासून निदान १० मीटर दूर असावी. जागा असल्यास अधिक. दोन खड्ड्यांमध्ये एक मीटर अंतर ठेवावे, नाही तर चालू खड्ड्यातील पाणी बंद खड्ड्यात पाझरून तेथील मैला कुजावयाचा राहतो.

ज्यांनी आधीच एक खड्डा किंवा टाकी बांधली आहे, त्यांनी सर्व मोडून टाकण्याचे कारण नाही. एकच खड्डा असेल तर एक मीटर अंतरावर दुसरा खणून मध्ये इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे चेंबर बसवावे व एका वाटेस वीट लावून ती लिंपून घ्यावी. टाकी असेल, तर निदान तिची गटारात सोडलेली नळी आजच बंद करून शोषखड्ड्यात न्यावी. टाकी पुढे भरली म्हणजे ती यंत्राने उपसून घ्यावी आणि भांड्याची नळी दोन नव्या खड्ड्यांकडे वळवावी. २०२० पासून सुरू झालेल्या मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात जुन्या संडासांच्या अशा सुधारणेवर भर देण्यात आला आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी नवे संडास मोजण्याइतकाच वेळ हे जुने संडास तपासण्यात घालविला, तर गावाचे अधिक हित होईल.

भांडे बदलावयाचे झाल्यास एक गोष्ट अवश्य पाहावी. शहरी पद्धतीच्या सपाट भांड्यास एका वेळी बादलीभर पाणी लागते. तीव्र उताराचे ग्रामीण भांडे व २० मिलिमीटर पाणी राहणारा कोंबडा असला, की दीड ते दोन लिटर पुरतात. ज्या गावी मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते, तेथे पाच माणसांच्या घरास रोजचे चाळीसएक लिटर पाणी वाचणे ही लहान गोष्ट नाही. पाणी न मिळाल्याने बंद पडलेले व सरपण ठेवण्याच्या उपयोगी आणलेले संडास पुष्कळ गावांत दिसतात. त्यांतील काही तरी केवळ भांडे बदलल्याने पुन्हा वापरात येतील. कोंबडा चांगला असला म्हणजे दुर्गंधी व माश्या वर येत नाहीत, आणि जिरणाऱ्या खड्ड्यास वायुनळीही लागत नाही. न्हाणीचे पाणी, पावसाचे पाणी, कापड, प्लास्टिक या वस्तू खड्ड्यात जाऊ देऊ नयेत. ॲसिड व फिनाईल यांचा सढळ वापरही टाळावा, कारण मैला कुजविणारे जंतू त्याने मरतात. राख व कुंचा पुरेसा आहे.

पहिला खड्डा भरला की चेंबरमधील वीट काढून दुसऱ्या वाटेस लावावी, आणि त्या दिवसाची तारीख संडासाच्या भिंतीवर डांबराने लिहून ठेवावी. ही तारीख लिहिली नाही, तर कोणता खड्डा कधी बंद केला याविषयी घरात दोन मते होतात, आणि कच्चा खड्डा उघडला जाऊन सगळ्यांचे मन विटते. तारखेपासून पुरी दोन वर्षे झाल्यावर, चैत्र-वैशाखात माती कोरडी असताना झाकण काढावे, ते एक-दोन दिवस उघडे ठेवावे, आणि मग हातमोजे व पायांत बूट घालून फावड्याने खत काढावे. वास आला किंवा पदार्थ ओला लागला, तर झाकण पुन्हा बसवावे व पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे.